खैरदऱ्याचा हवामान आराखडा

शीला मनवरनं तो आराखडा एका दुपारी लिहिला. बत्तीस पानं होती, आणि चहा दोनदा झाला, एवढंच तिला पुढे आठवायचं.

त्या वर्षी राज्यात हवामान बदलाचा कायदा आणायचं घाटत होतं. मसुदा तयार झाला होता. धूर किती, वायू किती, दर वर्षी तो किती कमी करणार, आणि ऊन-पाऊस बिघडला तर माणसं कशी वाचवणार, हे प्रत्येक गावानं आपापल्या आराखड्यात लिहून द्यायचं, असं त्यात होतं. कायदा व्हायच्या आधी काही गावांकडून नमुन्यादाखल आराखडे मागवले होते. त्यात खैरदऱ्याचं नाव निघालं.

खैरदरा फुलसावंगीच्या रस्त्यापासून आत, टेकडीच्या कुशीत. मूळ गाव, त्याला लागून बौद्धपुरा आणि टेकडीपलीकडे बंजाऱ्यांचा तांडा, अशी एकच ग्रामपंचायत. शीला तिथली ग्रामसेविका. माहेर आर्णीचं, लग्न अजून झालं नव्हतं, म्हणून फुलसावंगीत खोली करून राहायची आणि स्कूटीवर यायची-जायची. घराण्यात सरकारी नोकरी लागलेली ती पहिलीच. वडील मारोती उभा जन्म एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर राबले होते.

पत्र आलं तेव्हा गावात बोंडअळीचे पंचनामे चालू होते. हिरव्या दिसणाऱ्या बोंडात गुलाबी अळी, आणि फोडलं की आत काळी सरकी. सलग दुसरं वर्ष होतं ते. कृषी खात्याचं म्हणणं, अळी मरायला पाहिजे तर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटा आणि जाळून टाका. महिनाभरानं आलेल्या या नव्या पत्रात होतं, पऱ्हाटी जाळू नका, धूर होतो. गावकरी दोन्ही पत्रं ऐकून हसले होते. शीलाला हसायलाही सवड नव्हती. आराखडा आठ दिवसांत हवा होता, सोबत ग्रामसभेचा ठराव आणि हजेरी.

सातव्या दिवशी ती कोरे कागद घेऊन तालुक्याला गेली. तिथल्या विस्तार अधिकाऱ्यांनी तिच्यासमोर खुर्ची सरकवली.

"मनवर मॅडम, एवढं डोकं कायले लावून राह्यल्या? चुलीवर सैपाक करणारी कुटुंबं किती? शून्य लिहा. सगळ्याईले गॅस भेटला ना?"

"भेटला साहेब. पण टाकी भरून आणत नाईत लोक. चुली तं पेटतेच."

"भेटला ना? मंग शून्य. दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करणारे? शून्य. आकडा लिहिला का वरून उपाय विचारतेत. शून्य लिहिलं का कोनी विचारत नाई."

तिनं शून्य लिहिलं. सावली आणि थंड पाण्याची सोय, तीन ठिकाणी, असंही लिहिलं. शाळेची पडवी, ग्रामपंचायतीचा ओटा आणि तांड्यातलं सेवालाल महाराजांचं देऊळ तिनं मनातल्या मनात धरलं. गावातली सगळी पऱ्हाटी कांडी-कोळसा करणाऱ्या कारखान्याला देऊ, शेतात जाळणार नाही, असा ठराव लिहिला. ग्रामसभा झालीच नव्हती. रेशनकार्डाच्या बैठकीच्या सह्या आणि अंगठे होते, त्या पानांची नक्कल तिनं मागे जोडली. बाहेर पडताना हातात काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटलं. नळावर जाऊन तिनं हात धुतले आणि दुसऱ्या दिवशीच्या पंचनाम्यांच्या कामाला लागली.

गावात ज्यांना शेत नाही त्या बायांचं वर्षभराचं सरपण म्हणजे पऱ्हाटी. उन्हाळा लागला की शेतवाला म्हणायचा, उपटून न्या. चिमट्यानं एकेक झाड ओढून काढायचं, मोळ्या बांधायच्या. शेत मोकळं होऊन जायचं आणि बाईची चूल पावसाळाभर चालायची. यात मजुरीचा प्रश्नच नव्हता. पिढ्यान् पिढ्यांची ती रीत होती, आणि ती कुठं लिहिलेली नव्हती. म्हणून आराखड्यातही ती आली नाही.

जमनाबाई त्या बायांपैकी एक. तांड्यातली, पंचेचाळिशीची. नवरा सेवादास सहा महिने ऊसतोडीला; आताशा ती सोबत जात नव्हती. तांड्यातली वीज गेली की ती टेकडी उतरून ग्रामपंचायतीत यायची, मोबाइल चार्जिंगला लावायची आणि चार्ज होईपर्यंत पायरीवर बसून राहायची. रिकाम्या हातानं मात्र कधी यायची नाही. ओच्यात मूठभर चारोळ्या, नाहीतर पिकलेली टेंभरं. "खाय वं माय, कागदं खाऊन पोट भरते का तुहं?" असं म्हणून शीलाच्या टेबलावर ठेवायची.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कारखान्याचा ट्रक येणार असा निरोप आला. सरपंच देवसिंग स्वतः तांड्यातलाच, पंधरा एकरांचा धनी. ठरावाप्रमाणे त्यानं आपल्या शेतापासून सुरुवात केली. पण रीतही त्याला ठाऊक होती. त्यानं बायांना बोलावून सांगितलं, "ट्रक चार वाजता येते. त्याच्या आंधी जेवढी उपटसान तेवढी तुमची. मंग माह्या हातात नाई."

सहा बाया पहाटेच शेतात उतरल्या. अकरापर्यंत ऊन असं झालं की चिमट्याचं लोखंड हाताला धरवेना. बाया बांधावरच्या पळसाखाली बसल्या. पळसाला पान नव्हतं. कॅनमधलं पाणी गरम झालेलं. कोणी म्हणालं, घरी जाऊ. जमनाबाईनं हिशोब केला की दोन मोळ्यांनी आषाढही सरत नाही, आणि ती उठली. तिच्यामागे बाकीच्या उठल्या. दोनच्या सुमारास ती दोन ओळींमधल्या तासात खाली बसली, आणि बसल्या बसल्या आडवी झाली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं, घामाचा थेंब नाही. बायांनी तिला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. ऑटो मिळेपर्यंत पाऊण तास गेला. आरोग्य केंद्राच्या दारात डॉक्टरांनी मान हलवली.

शीला त्या दिवशी तालुक्याच्या बैठकीला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांड्यात पोचली तेव्हा माती होऊन गेली होती. सेवादास उसाच्या फडावरून नुसता निघाला होता, पोचलाही नव्हता. शवविच्छेदन करा म्हणणारं कुणी नव्हतं आणि कुणाला सुचलंही नव्हतं.

दहा दिवसांनी रुपीबाई ग्रामपंचायतीत आली. तांड्याच्या वार्डाची ती सदस्य, साठीला टेकलेली. अजून अंगावर काचेच्या भिंगांची काचोळी वापरणाऱ्या बायांपैकी. जमनाबाई तिच्या चुलतदिराची सून, आणि त्या दिवशी शेतातल्या सहा जणींत तीही होती. ती खुर्चीवर बसली नाही.

"मॅडम, जमना कायनं मेली ते लिहिलं का?"

"रुपीबाई, मृत्यूची नोंद झाली ना. दाखला देते मी."

"दाखला नाई म्हनत मी. कायनं मेली? उनानं मेली हे लिहा. आमच्या तांड्यात दर उनाळ्यात एखादी बाई जाते अन् तुमच्या बुकात लिहितेत, आपोआप मेली. मानूस आपोआप मरते का, बाप्पा?"

शीलानं तालुक्याला पत्र लिहिलं. उष्माघाताचे मृत्यू तपासायला तिथं एक समिती होती. उत्तर पंधरवड्यात आलं. शवविच्छेदन अहवाल नाही. शिवाय ग्रामपंचायतीच्याच हवामान आराखड्यानुसार गावात दुपारी बारा ते चार या वेळेत उघड्यावर कुणीही काम करत नाही, आणि तीन ठिकाणी सावली व पाण्याची सोय उपलब्ध आहे. सबब सदर मृत्यूचा उष्माघाताशी संबंध आढळून येत नाही.

सोबत तिनंच लिहिलेल्या पानाची नक्कल जोडलेली होती. शून्य तिच्याच वळणाचं, वरून जरा उघडं राहणारं.

उत्तर आल्याचं कळून रुपीबाई समोर येऊन उभी होती. "काय लिहिलं, वाचा ना."

शीलानं वाचलं.

रुपीबाईनं तो कागद हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "म्हंजे जमना शेतात नव्हतीच. आमी पाच जनी कोनाले उचलून आनलं मंग?" आणि पदर सावरून टेकडीच्या वाटेनं निघून गेली. ओरडली असती तर शीलाला बरं वाटलं असतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याहून फोन आला, आणि या वेळी विस्तार अधिकाऱ्यांचा आवाज आनंदी होता. कायद्याच्या मसुद्यावर लोकांची मतं ऐकायला विधिमंडळाची समिती यवतमाळला येत होती. जिल्ह्यातले तीन उत्तम आराखडे समितीपुढं मांडायचे होते. पहिलाच खैरदऱ्याचा. "शून्य धुराचं गाव! मॅडम, तुमचं तं नाव निघालं. सोबत एक महिला सदस्य आना. अन् साडी चांगली नेसून या."

तो रविवार तिनं आर्णीला काढला. दुपारी मारोती ओसरीत पंख्यासमोर बसले होते. आई कांताबाई आत भाकरी थापत होती. शीलानं सगळं सांगितलं, अगदी रेशनकार्डाच्या सह्यांसकट.

"खरं सांगितलं तं नोकरी जाईन का?" वडिलांनी विचारलं.

"जानार नाई कदाचित. पण निलंबन होईन. चौकशी लागन."

"अन् नाई सांगितलं तं?"

"मंग काईच नाई होनार, बाबा. सत्कार होईन."

मारोतींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "म्या तीस वर्स काट्यावर कापूस मोजला. मालक म्हने तसा मोजला. समोरचा शेतकरी पाहून राहे माह्याकडं, अन् मी काट्याकडं पाहो. तू मले काय इचारतं, शीला? माह्याजवळ सांगाले तोंड कुठं हाय?"

आतून भाकरीचा आवाज थांबला होता. कांताबाई दारात येऊन उभी राहिली. जेवताना तिनं शीलाच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढली.

सोबत न्यायला महिला सदस्य म्हणून शीलानं रुपीबाईलाच विचारलं. रुपीबाई आधी नाही म्हणाली. "तुमच्या खोट्याले मी कायले टेकू देऊ?" शीला म्हणाली, "टेकू नका देऊ. नुसत्या चाला. मी काय बोलते ते ऐकाले कोनी तरी पायजे तांड्यातलं." रुपीबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं, आणि सकाळी एसटीच्या वेळेला ती फाट्यावर येऊन थांबली. उघड्या काळ्या रानांतून गाडी चालली होती. पेरणीसाठी वखरून ठेवलेली रानं, आभाळ कोरडं.

यवतमाळच्या त्या सभागृहात एसी होता. रुपीबाईनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. समोर आठ-नऊ आमदार, मध्ये अध्यक्ष म्हणून पांढऱ्या केसांच्या एक बाई. बाजूला टिपणं घेणारे दोघं. पडद्यावर खैरदऱ्याचे रंगीत तक्ते आले. चुलीचा धूर शून्य. शेतातली जाळपोळ शून्य. टाळ्या पडल्या. मग शीलाला बोलावलं.

तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. पाठ केलेलं वाक्य एकही आठवेना.

"हा आराखडा मी लिहिला आहे. तो खोटा आहे," ती म्हणाली.

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. विस्तार अधिकारी उठून उभे राहिले होते.

"गावात ग्रामसभा झाली नाही. मागच्या सह्या दुसऱ्या बैठकीच्या आहेत. आमच्या गावात एकशे ऐंशी घरी चूल पेटते. दुपारच्या उन्हात शेतात माणसं असतात. सावलीची सोय कागदावर आहे. एप्रिलमध्ये आमच्या तांड्यातली जमनाबाई राठोड पऱ्हाटी उपटताना उन्हानं मेली. ट्रक येणार म्हणून ती दुपारची थांबली, आणि ट्रक माझ्या ठरावामुळं आला. तिच्या मृत्यूचं कारण आज सरकारदरबारी लिहिता येत नाही, कारण माझ्या कागदात ती शेतात नाहीच."

कुणीतरी तिला बसायला सांगितलं. अध्यक्षबाईंनी हात वर करून थांबवलं.

"ग्रामसेविका, हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत?"

शीलानं मागं पाहिलं नाही. "सल्ला मिळाला होता. हात माझा होता."

"तुम्ही जे बोलताय ते नोंदवलं जाईल, हे माहीत आहे ना?"

"नोंदवाच, मॅडम. त्याच्यासाठीच आली मी."

सभागृहात कुजबुज वाढली. एक तरुण आमदार रुपीबाईकडं वळले. "आजी, तुम्हाला काही सांगायचंय? कायद्यात काय असावं?"

रुपीबाई उठली. माइक तिनं घेतलाच नाही. तांड्यात एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर हाक मारणारा तिचा आवाज तसाच पुरला.

"धूर कमी करा, आमाले कायचं वाईट वाटते? त्यो धूर आमच्याच डोयात जाते. पन पराटी ट्रकात भराच्या आंधी इचारा, ही कोनाची चूल हाय. अन् तांड्याचं कागद तांड्यात येऊन लिहा. आमी तिथंच असतो."

ती बसली. टिपण घेणाऱ्यानं ते लिहून घेतलं की नाही, हे शीलाला दिसलं नाही.

सोमवारी निलंबनाचा आदेश आला. खोटा दस्तऐवज तयार करणे, शासनाची दिशाभूल करणे, असं बरंच होतं त्यात. विस्तार अधिकाऱ्यांची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली एवढंच. सोबतचे ग्रामसेवक फुलसावंगीच्या बाजारात भेटले की मान वळवून भाजी घ्यायचे. तिच्यामुळं सगळ्यांचे आराखडे पुन्हा तपासायला निघाले होते. ती खोली सोडून आर्णीला गेली. मारोती संध्याकाळी फिरायला निघाले की तिला सोबत बोलवायचे. नोकरीबद्दल एकदाही बोलले नाहीत.

श्रावणात विभागीय चौकशी सुरू झाली. चौकशी अधिकारी वयस्कर, शिस्तीचे. आरोप सिद्ध करायचे तर आराखडा खोटा होता हे पुराव्यानिशी दाखवायला हवं होतं. ते स्वतः खैरदऱ्यात आले, दोन दिवस राहिले. एकेक चूल मोजली. शाळेची पडवी पाहिली, तिचे पत्रे उडालेले होते. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पाण्याचा माठ नव्हता. मग तांड्यात बसून त्यांनी पाचही बायांचे जबाब घेतले. किती वाजता शेतात गेला, किती वाजता ती पडली, अंग कसं होतं, घाम होता का, पाणी कुठून आणलं. बायांनी सगळं सांगितलं, कारण पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

सरपंच देवसिंगचा जबाब शेवटी झाला. तो खाली मान घालून बोलला. "शेत माहं. चार वाजताची वेळ म्याच सांगितली. उनाचं मले ठाव होतं, साहेब. पन ठराव झाला होता." मग म्हणाला, "ठरावावर सही माहीच हाय. न वाचता केली."

चौकशीत शीलावरचे सगळे आरोप सिद्ध झाले. दोन वेतनवाढी कायमच्या बंद आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली, अशी शिक्षा झाली. अहवाल पंचवीस पानांचा. त्यातल्या एकोणिसाव्या पानावर, आरोप क्रमांक तीनच्या पुष्ट्यर्थ, चौकशी अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं: आराखड्यात दुपारी उघड्यावर काम करणाऱ्या व्यक्ती शून्य दाखवल्या आहेत, प्रत्यक्षात पाच साक्षीदारांच्या जबाबावरून श्रीमती जमनाबाई सेवादास राठोड या दुपारी दोन वाजता उघड्या शेतात श्रमाचे काम करीत असताना तीव्र उष्णतेने कोसळून मृत्यू पावल्या, हे निःसंशय सिद्ध होते.

शीलानं ते पान आर्णीच्या झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या वाचलं. मग त्याच दुकानातून सहा प्रती काढल्या आणि खैरदऱ्याला गेली.

सेवादास तांड्यात होता. या वर्षी तो ऊसतोडीला गेला नव्हता. रुपीबाईनं बाज टाकली. शीलानं पान वाचून दाखवलं, एकदा मराठीत जसं लिहिलं होतं तसं, आणि मग साध्या बोलीत. रुपीबाई ते तांड्याच्या गोरबोलीत सेवादासला सांगत गेली. 'उष्णता' शब्द आला तेव्हा त्यानं हातानं थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं.

"हे सरकारनं लिहिलं?" त्यानं विचारलं.

"सरकारनंच. माझ्यावरचा गुन्हा लिहिताना लिहिलं."

त्यानं कागद हातात घेतला. मग म्हणाला, "ती गेल्यावर मले सारे सांगत होते, तिचं काळीज कमजोर होतं म्हनून. तिचं काळीज कमजोर नव्हतं, बाई. मी तिच्यासंगं वीस वर्स ऊस तोडला."

त्या पानाच्या आधारानं रुपीबाईनं तालुक्याला अर्ज दिला. पुढच्या वैशाखाच्या आत समितीनं जुना निर्णय बदलला, आणि खैरदऱ्याच्या मृत्यू नोंदवहीत जमनाबाईच्या नावापुढं कारण लिहिलं गेलं. ते नव्या ग्रामसेवकानं लिहिलं. कायद्याचा मसुदा त्या अधिवेशनात आला नाही, पुढच्याही नाही. विधिमंडळाच्या समितीच्या अहवालात म्हणे एक वाक्य आहे, की वस्तीवस्तीत सभा घेतल्याशिवाय कुठल्याही गावाचा आराखडा ग्राह्य धरू नये. शीलानं तो अहवाल पाहिलेला नाही.

ती आता जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला एका गावात आहे. तिथंही आराखड्याचं पत्र आलं. तिनं तीन वस्त्यांत तीन सभा लावल्या. पहिल्या सभेला सात माणसं आली आणि भांडून उठली. दुसरी पावसानं मोडली. मुदत संपली तेव्हा निम्मे रकाने कोरे होते. तालुक्याच्या साहेबांनी फोनवर विचारलं, मॅडम, एवढा वेळ कायले लागून राह्यला?

"लोकं शेतात आहेत, साहेब," शीला म्हणाली. "परवा सकाळी सातला भेटतेत म्हणाले. भेटले की लिहिते."

साहेब वैतागले. तिनं फोन ठेवला आणि परवाच्या सभेची दवंडी द्यायला कोतवालाला बोलावणं धाडलं.